चोर ठरवण्याआधी हिशेब दाखवा: संगीत कंपन्यांना खुलं पत्र

मराठी संगीत प्रकाशित करणाऱ्या सर्व कंपन्यांच्या संचालकांना,

सप्रेम नमस्कार.

मी ढोलकी वाजवतो. कॅसेटच्या काळात निघालेल्या कोळीगीतांत, लावण्यांत, भक्तिगीतांत, भीमगीतांत, लग्नाच्या गाण्यांत ठिकठिकाणी माझ्या हातचा ठेका आहे. त्यातल्या बऱ्याच गाण्यांचे हक्क आज तुमच्याकडे आहेत.

इंटरनेटवरून गाणं फुकट उतरवून घेणं ही सरळसरळ चोरी आहे, असं तुमच्याकडून वर्षानुवर्षं सांगितलं जातं. जाहिरातींत, परिषदांत, पोलिसांकडे दिलेल्या तक्रारींत. आणि दर वेळी त्याला जोडून कलावंताचं पोट येतं. फुकट्यांमुळे गायक, कवी, वादक उपाशी राहतात, म्हणून फुकट्याला चोर म्हणा आणि चोराची शिक्षा द्या. ज्यांच्या पोटाचा दाखला दिला जातो त्यांतलाच मी एक आहे. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. परवानगीशिवाय, पैसे न देता गाणं घेणं गैर आहे. त्यात कुणाचे तरी कष्ट बुडतात. पण ती चोरी नव्हे, ते बुडवलेलं देणं आहे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो गाणी उतरवणाऱ्या पोरांना सोडून द्यावं म्हणून नाही. चोरी म्हटलं की ज्याच्या ताब्यात माल होता तो फिर्यादी, ज्याने नेला तो आरोपी, विषय संपला. देणं म्हटलं की लगेच विचारावं लागतं: किती, कुणाचं, आणि वसूल झालं तर कुणाच्या हातात पडणार? हे प्रश्न विचारले की कंपनीलाही वही उघडावी लागते. माझा सगळा आग्रह त्या वहीसाठी आहे.

माझी पुतणी वकिली करते. ऐकीव गोष्टींवर तुमच्याशी बोलायचं नव्हतं, म्हणून तिच्यासोबत बसून कलमं वाचून काढली. १८६०च्या भारतीय दंड संहितेत चोरीचं कलम ३७८ होतं. १ जुलै २०२४पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ आलं. व्याख्या जवळपास तीच राहिली: दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम मालमत्ता त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने नेण्यासाठी हलवणं. जुन्या संहितेत जंगम मालमत्ता म्हणजे मूर्त, हाताला लागणारी वस्तू होती. नव्या संहितेतून ‘मूर्त’ ही अट गेली आहे. त्यामुळे आता फाइलसुद्धा चोरीला जाऊ शकते, असा युक्तिवाद कुणी ना कुणी करणारच. पण ताब्यातून काढून नेण्याची अट मात्र जागच्या जागी आहे. एखाद्या मुलाने तुमचं गाणं उतरवून घेतलं तरी त्याचा मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, तुमच्याच कपाटात राहतो. अ‍ॅपवर ते वाजत राहतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा परवाना तुम्ही एखाद्या चित्रपटवाल्याला देऊ शकता. त्या मुलाकडून येऊ शकले असते ते पैसे आले नाहीत, एवढंच झालं. हे नुकसान मी हलकं मानत नाही. फक्त त्याची मोजदाद चोरीच्या पंचनाम्याने होत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्येच हे तपासून पाहिलं होतं. एल्विस प्रेस्लीच्या गाण्यांच्या विनापरवाना तबकड्या काढून टपालाने विकणारा एक माणूस होता. चोरीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेल्याचा गुन्हाही त्याच्यावर लावला होता. न्यायालयाने तो गुन्हा टिकू दिला नाही. कॉपीराइटचा भंग करणारा दुसऱ्याच्या हक्कावर आक्रमण करतो खरा, पण मालकाला त्याच्या वस्तूपासून तोडत नाही, म्हणून त्याला चोरीच्या साच्यात बसवता येत नाही, असं बहुमताने ठरलं. तो माणूस सुटला असं मात्र नाही. कॉपीराइट भंगाचा दोष त्याच्यावर राहिलाच.

आपल्याकडचा कॉपीराइट कायदाही काही मवाळ नाही. १९५७च्या या कायद्याच्या कलम ६३मध्ये जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये सांगितलं. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. आपल्या राज्याने तर २००९मध्ये ‘व्हिडीओ पायरेट’ना झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंगतीला, स्थानबद्धतेच्या कायद्यात नेऊन बसवलं.

आता साध्या चोरीची शिक्षा बघा. कमाल तीन वर्षं, किमान काहीच नाही. आणि नव्या न्याय संहितेत एक तरतूद आहे, जी वाचून मी बराच वेळ थांबलो. चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि आरोपीने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला सामाजिक सेवेची शिक्षा. कॉलेजातल्या एखाद्या मुलाने शे-दोनशे गाणी उतरवली असतील, तर तुमच्या मागणीप्रमाणे त्याला चोर ठरवल्यावर त्याची शिक्षा उलट हलकी होण्याचीच शक्यता जास्त. त्या तरतुदीतलं मला भावलं ते निराळंच. किंमत परत करा, असं ती म्हणते. कायदाही छोट्या चोरीत शेवटी देण्यापाशीच येतो.

त्याच कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये खासगी, वैयक्तिक वापरासाठी केलेल्या वाजवी वापराला सूट आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर ती ध्वनिमुद्रणांनाही लागू झाली. फुकट उतरवून घेतलेली हजार गाणी ‘वाजवी’त बसतील असं मी म्हणणार नाही. पण विकत घेतलेल्या सीडीवरचं गाणं आपल्याच फोनमध्ये भरणारा, शिकण्यासाठी एखादा ठेका कापून पुन्हा पुन्हा ऐकणारा आणि गाण्यांची वेबसाइट चालवून जाहिरातींवर कमावणारा हे तिघं एका ओळीत उभे करता येत नाहीत, हे संसदेलाही मान्य आहे.

माझ्या डोळ्यांदेखतचं सांगतो. २०१६मध्ये स्वस्त डेटा आला, त्याआधीच्या काळात आमच्या तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोर मोबाइल रिचार्जचं एक दुकान होतं. काचेवर पाटी: ‘येथे मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’. आत एक जुना संगणक, त्याला लटकलेला कार्ड रीडर. पडद्यावर फोल्डर ओळीने लावलेले: ‘हिंदी सॅड’, ‘भीमगीते’, ‘विठ्ठल भजन’, ‘कोळीगीत’, ‘लग्न डीजे’, ‘लावणी जुनी’. माणूस आला की मुलगा वर न बघता विचारायचा, “नवी का जुनी? का मिक्स टाकू?” ऊसतोडीला निघालेली मंडळी तिथे हमखास थांबायची. पुढचे चार-पाच महिने फडावर काढायचे, तिथे रेंजचा भरवसा नाही, म्हणून पन्नास रुपयांत कार्ड भरून न्यायचे. एकदा माझ्या पुढे उभ्या असलेल्या गड्याने भीमगीतांचं फोल्डर मागितलं. मुलाने चालतंय का बघायला एक गाणं वाजवलं. ढोलकी माझी होती. ओळखायला वेळ लागला नाही. ते ध्वनिमुद्रण भर पावसाळ्यातलं. हवा इतकी दमट होती की डाव्या बाजूचा धुम सारखा उतरत होता. पहिल्या अंतऱ्यानंतर तो स्पष्ट उतरलेला ऐकू येतो. पुन्हा चढवून घ्यायला मी पाच मिनिटं मागितली होती. शिफ्ट संपत आली म्हणून ती मिळाली नाहीत. तेच पुढे कॅसेटवर गेलं.

त्या मुलाने पन्नास रुपये घेतले. त्यातला एक पैसाही माझ्याकडे येणार नव्हता. आणि मी तिथे उभा राहून विचार करत होतो, की या गड्याने रीतसर दुकानात जाऊन तीच कॅसेट विकत घेतली असती तरीही माझ्याकडे एक पैसा आला नसता. मग यात माझं काय चोरीला गेलं, आणि कुणी नेलं?

तुमच्या चोरीच्या भाषेत हा प्रश्न बसतच नाही. देण्याच्या भाषेत तो पहिल्याच ओळीत येतो.

त्या काळी कामाची पद्धत काय होती, हे तुमच्यापैकी जुन्यांना माहीत आहे, नव्यांसाठी लिहितो. संयोजकाचा निरोप यायचा. सकाळची शिफ्ट असेल तर आठ-नऊ गाणी उरकायची. नोटेशन वाचणारे की-बोर्ड आणि बासरीवाले. आम्ही चाल एकदा ऐकायचो, पट्टी विचारायचो, ढोलकी चढवायचो आणि लाल दिवा लागायचा. संध्याकाळी व्हाउचरवर रेव्हेन्यू तिकीट, त्यावर सही, हातात पाकीट. ज्या कागदावर सही व्हायची त्याची प्रत मला कधी मिळाली नाही. त्यात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं काहीतरी असायचं, एवढं आठवतं. त्या वेळी ‘सर्व’ म्हणजे कॅसेट असंच आम्ही समजत होतो, कारण दुसरं काही नव्हतंच. पुढे त्याच गाण्याची सीडी निघाली, मग कॉलर ट्यून, मग यूट्यूबवर व्हिडीओ, मग अ‍ॅप. प्रत्येक नव्या रूपातून नवा पैसा आला आणि पाकीट मात्र एकच राहिलं. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो, कवी, संगीतकार, ध्वनिमुद्रक यांची नावं असायची. जागा उरलीच तर ‘वाद्यवृंद’ एवढं. अ‍ॅपवर तर तेही नाही.

हे गाऱ्हाणं माझ्या एकट्याचं नाही आणि आजचंही नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लता मंगेशकरांनी पार्श्वगायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला, तेव्हा खुद्द गायकांतच फूट पडली. गाण्याचे पैसे मिळाले की आपला हक्क संपला, असं मोहम्मद रफींचं मत होतं, आणि काही वर्षं ते दोघं एकत्र गायले नाहीत. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयात संगीतकार आणि चित्रपट निर्माते यांच्या हक्कांचा खटला झाला. निकाल निर्मात्यांच्या बाजूने गेला. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून आपला कायदा गाणाऱ्याकडे बघतच नाही याबद्दल खंत व्यक्त केली. संसदेला त्याकडे नीट बघायला २०१२ उजाडलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, हे सगळ्यांना आठवत असेल. कवी आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा आता सही करूनसुद्धा सोडता येत नाही. त्यांनी सोडला असं कुणी लिहून घेतलं तरी ते व्यर्थ.

आणि आम्ही? कायद्यात कलावंताची व्याख्या आहे. अभिनेता, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी, व्याख्यान देणारा. वादक तिसराच आहे. पुतणीने ते वाचून दाखवलं तेव्हा मी तिला पुन्हा वाचायला लावलं. कलम ३८अ म्हणतं की सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर कलावंताला रॉयल्टी मिळाली पाहिजे. कलम ३८ब म्हणतं की कलावंताला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क आहे. चित्रपटात जुजबी काम केलेल्या आणि श्रेयनामावलीत नाव नसलेल्यांना रॉयल्टीतून वगळलं आहे, पण आपल्या सादरीकरणाची मोडतोड झाली तर दाद मागण्याची वाट त्यांनाही ठेवली आहे. आमच्या कॅसेट तर चित्रपटही नव्हत्या. जुन्या ध्वनिमुद्रणांना ही कलमं कुठवर लागू होतात यावर तुमचे वकील भांडतील, तो त्यांचा धंदाच आहे. मी नैतिक बाजूबद्दल बोलतोय, कारण चोरी हा शब्द वापरून नीतीची गोष्ट तुम्हीच आधी काढली.

आता एक तुलना मांडतो आणि त्याचं उत्तर मला हवं आहे. खासगी एफएम स्टेशनं वर्षानुवर्षं म्हणत होती की ध्वनिमुद्रणासाठी आम्ही कंपन्यांना पैसे देतो, त्यातल्या शब्द-स्वरांसाठी कवी-संगीतकारांना वेगळं देणं लागत नाही. दिवसरात्र गाणी वाजत होती, जाहिराती घेतल्या जात होत्या. एप्रिल २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की २०१२च्या दुरुस्तीनंतर हे देणं लागतंच. तोवरच्या सगळ्या काळात त्या स्टेशनांना चोर कुणी म्हटलं नाही, आणि म्हणायलाही नको होतं. वाद देण्याचा आहे, तो न्यायालयात सुटेल, अशी सभ्य भाषा सगळ्यांनी वापरली. मग हीच भाषा पन्नास रुपयांचं कार्ड भरून घेणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या वाट्याला का येत नाही? मोठ्या कंपनीने थकवली तर थकबाकी आणि गरिबाने थकवली तर चोरी, हा न्याय मला मान्य नाही. तुमच्यापैकी कुणी मान्य असल्याचं सांगावं, जाहीरपणे.

श्रोत्यांच्या मागे लागण्याचा मार्ग कुठे जातो तेही दिसून गेलं आहे. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने २००३पासून हजारो साध्या माणसांवर दावे लावले. मिनेसोटातल्या एका बाईंवर २४ गाण्यांचा दावा चालला. ज्यूरीमागून ज्यूरी बसल्या, आकडा एकदा १९ लाख डॉलरवर गेला आणि शेवटी २ लाख २२ हजारांवर राहिला. गाण्यामागे ९,२५० डॉलर! २००८च्या अखेरीस संघटनेने असे नवे दावे लावणं थांबवत असल्याचं सांगितलं. लोक रीतसर ऐकण्याकडे वळले ते पुढे, परवडेल आणि एका बोटावर चालेल अशी सोय झाल्यावर.

सोयीचं महत्त्व तुम्हाला नव्याने सांगायला नको. सारेगामाने २०१७मध्ये पाच हजार जुनी हिंदी गाणी भरलेला ‘कारवां’ हा रेडिओसारखा संच काढला, मागून मराठी कारवांही आला. ज्यांच्या घरी फुकट यूट्यूब होतं अशा लोकांनीसुद्धा हजारो रुपये मोजून तो आईवडिलांसाठी नेला. त्या उलट फ्लिपकार्टचं ‘फ्लाइट’ नावाचं एमपीथ्री विकणारं दुकान फेब्रुवारी २०१२मध्ये उघडलं आणि जून २०१३मध्ये बंद झालं. गाणं एकदा विकत घेऊन कायम आपल्याकडे ठेवायची, कुठल्याही यंत्रावर वाजवायची वाट आपल्याकडे नीट रुळलीच नाही. अ‍ॅपचं वर्षाचं भाडं भरा, आणि कंपनीचा करार संपला की आवडीच्या यादीतलं गाणं एका सकाळी करडं झालेलं बघा. फडावरच्या माणसाला ते भाडंही उपयोगाचं नव्हतं, कारण तिथे रेंज नव्हती. त्याला हवं होतं कार्डात बसणारं गाणं, आणि ते विकायला तुमच्यापैकी कुणी त्या एस.टी. स्टँडवर आलं नाही. तो मुलगा आला.

आणि जुन्या ध्वनिमुद्रणांचं काय करायचं? हा विषय माझ्या फार जवळचा आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना जुन्या तमाशाच्या फडांतले, जुन्या शाहिरांमागे वाजलेले ठेके ऐकवायचे असतात. ७८ आरपीएमच्या तबकड्यांच्या काळातलं तसलं वादन बहुतेक कुठे विकत मिळत नाही. दुकानात नाही, अ‍ॅपवर नाही, मागणी केली तर पत्राला उत्तर नाही. ते मिळतं संग्राहकांकडे. मुंबईत १९९०पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. गावोगावी एकेकटे वेडे आहेत, जे भंगाराच्या दुकानातून तबकड्या उचलतात, साबणाच्या पाण्याने पुसून वाळवतात आणि संगणकावर उतरवून दुसऱ्याला देतात. बालगंधर्वांच्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आज तरुण मुलांच्या कानांवर पडतात त्यात या लोकांचा वाटा मोठा आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, तेव्हा १९६०पर्यंत निघालेल्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रणापुरता कुणाचाच दावा उरलेला नाही. शब्दांचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, तो निराळा मोजावा लागतो. त्यानंतरच्या, हक्कात असलेल्या पण तुम्ही कपाटातून बाहेरच न काढलेल्या मुद्रणांसाठी कायद्यात कलम ३१ आहे: मालकाने पुन्हा प्रकाशित करायला नकार दिला आणि त्यामुळे कृती लोकांपासून अडून राहिली, तर सक्तीचा परवाना मागता येतो. एका शिक्षकाने त्यासाठी न्यायालयात जावं अशी अपेक्षा करणं क्रूर आहे. पण संसदेनेच ती तरतूद ठेवली आहे, म्हणजे गाणं अडवून ठेवणं हाही एक अपराध असू शकतो हे तिला दिसलं होतं. जे तुम्ही विकतच नाही ते कुणी उतरवून घेतलं तर तुमची विक्री कशी बुडाली, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

एवढं सगळं म्हणूनही उतरवणाऱ्याला मी मोकळा सोडत नाही. हातात पंचवीस हजारांचा फोन, महिन्याचा डेटा भरलेला, आणि यूट्यूबवरचं गाणं एमपीथ्री करून देणाऱ्या साइटवरून कालच आलेलं गाणं काढून घ्यायचं, ही फुकटेगिरी आहे. नव्या गाण्यामागे आज बरेचदा कंपनीही नसते. एखादा मुलगा घरातल्या खोलीत स्वतःच्या पैशाने गाणं करतो, वादकांना खिशातून देतो. त्याचं गाणं असं घेणं म्हणजे त्याची मजुरी ठेवून घेणं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सांगतो आणि ते ऐकतात, कारण मी त्यांना चोर म्हणत नाही. देणं लागतोस, असं म्हणतो. देणं लागणारा माणूस मान वर करून फेडायला येऊ शकतो.

तेव्हा तुमच्याकडून काय हवं ते सांगतो. कारवाई करायचीच असेल तर जे गाण्यांच्या साइट चालवून जाहिरातींवर कमावतात त्यांच्यावर करा, मी तुमच्या बाजूने साक्ष द्यायला येईन. पण त्यांच्याकडून दंड, भरपाई किंवा तडजोडीची म्हणून जी रक्कम वसूल होईल तिचा किती हिस्सा कवी, संगीतकार, गायक आणि वादकांना गेला हे दर वर्षी छापा. कलावंताच्या नावाने वसुली आणि कलावंताला पत्ता नाही, हे थांबलं पाहिजे. अ‍ॅपवर प्रत्येक गाण्याखाली वादकांची नावं द्या. याला फार पैसा लागत नाही, जुनी दप्तरं चाळायला एक-दोन माणसं लागतील, आणि कलम ३८बचा मान राहील. जे विकत मिळत नाही ते परवडणाऱ्या किमतीत, कायमचं ठेवता येईल अशा फाइलच्या रूपात विकायला काढा.

आणि एक दूरचं, पण बोलायला हवं असं. जर्मनीने १९६५मध्येच घरगुती ध्वनिमुद्रणाची यंत्रं विकताना त्यावर एक छोटी रक्कम लावली आणि ती हक्कदारांच्या संस्थांमार्फत वाटायला सुरुवात केली. लोक घरी नक्कल करणार हे त्यांनी मान्य केलं आणि तिची किंमत वसूल करायची रीत शोधली. आपल्याकडे फोन आणि कार्डं बनवणाऱ्या कंपन्यांनी गाण्यांच्या जोरावर भरपूर धंदा केला आहे. अशी रक्कम त्यांच्याकडून घ्यावी का, आणि ती लहान वादकापर्यंत पोचेल असं वाटप कसं करावं, यावर तुम्ही सरकारकडे बोलणी करणार असाल तर आम्हाला त्या टेबलाशी बसवा. वाटपाबद्दल मला शंका आहेत, कारण मोठ्या नावांकडे पैसा जातो आणि बाकीच्यांना यादीतच जागा नसते. तरीही तुरुंगाच्या चर्चेपेक्षा ही चर्चा मला कामाची वाटते.

जुन्या व्हाउचरांची, शिफ्टच्या रजिस्टरांची दप्तरं तुमच्यापैकी काहींनी अजून ठेवली असतील. कुठल्या तारखेला, कुठल्या गाण्यासाठी, कुणी काय वाजवलं आणि किती घेतलं, हे त्यात आहे. आमच्यातली बरीच माणसं गेली, काहींची मुलं रिक्षा चालवतात, काहींच्या घरी फक्त वाद्य उरलं आहे. ती दप्तरं रद्दीत जाण्याआधी त्यांच्या प्रती आमच्या संघटनांना द्या. आमचा काय हिशेब निघतो ते आम्हीच बसून काढू, आणि कोण किती लागतो याची यादी तुमच्याकडे पाठवू. फुकट उतरवणारे श्रोतेही त्या यादीत असतील.

आपला,
एक ढोलकीवादक